गहू बंद केला, तरी पोट परत परत का बिघडतं?

लेकीला सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) असल्याचं कळलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या दिवसापासून पोळी, पाव, बिस्किटं, नूडल्स सगळं बंद. पहिले दोन महिने पोर अक्षरशः फुलून आली. गालावर रंग आला, दीड किलो वजन वाढलं. आणि मग पुन्हा सुरू झालं. दर दोन-तीन आठवड्यांनी पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड यायचं, शाळा बुडायची. तीन-चार दिवसांत बरी व्हायची आणि पंधरवड्याने परत तेच. सहा महिन्यांनी टीटीजी ही सिलिॲकची रक्ततपासणी केली तर आकडा अर्ध्यावर येऊन अडकलेला. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय. घरात शोधा."

तो शोधायला आम्हाला पाच महिने लागले. तुमच्या घरी असंच चाललं असेल तर तुमचे पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. आम्ही सांगलीकडचे, त्यामुळे उदाहरणं आमच्या स्वयंपाकघरातली आहेत. कोकणात किंवा विदर्भात पदार्थ बदलतील, पण गहू शिरायच्या वाटा बहुतेक ह्याच असतील.

एक गोष्ट आधीच सांगते. तपासणी न करता, कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही परस्पर गहू सोडला असेल तर डॉक्टरांशी बोला. टीटीजीची रक्ततपासणी आणि एंडोस्कोपीतली बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) या दोन्ही गोष्टी गहू खाण्यात असतानाच खरं सांगतात. गहू सोडून काही महिने झाले की सिलिॲक असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो.

किती गहू म्हणजे जास्त?

हा हिशेब मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवा होता. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन गेलं तर चालतं असं मानतात, आणि ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर आतड्याला इजा होते. आता एक पोळी घ्या. तिला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात ग्लूटेन अडीच ते तीन ग्रॅम असतं. म्हणजे १० मिलिग्रॅम हा पोळीचा जवळजवळ तीनशेवा भाग झाला. पोळपाटाच्या कडेला चिकटून राहिलेलं पीठ त्याहून जास्त भरेल.

म्हणून "एवढ्याशानं काय होतंय" हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार झालं. भाजल्याने, तळल्याने, आंबवल्याने ग्लूटेन जात नाही. आणि पोट दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, असंही नसतं. काहींना लक्षणं जाणवतच नाहीत, पण आतलं अस्तर झिजत राहतं.

पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. हा २० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डबा तळाला आला की दुखणं

आम्ही एक वही केली. डाव्या पानावर तिने काय खाल्लं ते, उजव्या पानावर पोट कसं होतं ते. वहीत पदार्थांची नावं बघून काहीच हाती लागेना, कारण रोज तेच: ज्वारीची भाकरी, भाजी, वरण-भात, ताक. मग एके दिवशी सहज मी मार्जिनमध्ये 'दळण' असं लिहायला लागले, म्हणजे ज्वारी कधी दळून आणली ते. महिन्याभरात चित्र दिसलं. नवीन दळण आलं की आठ-दहा दिवस पोर ठणठणीत. डबा तळाला यायला लागला की दुखणं सुरू.

मला आधी वाटलं पीठ जुनं होतंय. गिरणीवाल्या काकांना विचारलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. आमच्या आधी बहुतेक वेळा कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. गिरणीच्या दगडांत, खालच्या नळीत, कापडी पिशवीत त्याचं पीठ उरतं. ज्वारी वर टाकली की ते उरलेलं पीठ सगळ्यात आधी बाहेर पडतं आणि डब्याच्या तळाशी जाऊन बसतं. आम्ही डबा घरी आणून तसाच वापरायचो, वरून खालपर्यंत. सगळ्यात जास्त गहू शेवटच्या किलोत.

हिशेब करून बघा. गिरणीत ५० ग्रॅम कणीक उरली असं धरू, आणि ती काही फार नाही. त्यात साडेचार ग्रॅम ग्लूटेन. आमचं दळण पाच किलोचं. म्हणजे सरासरी किलोला ९०० मिलिग्रॅम. मर्यादा २०. तळाच्या पिठात तर त्याहून कितीतरी जास्त.

उपाय तीन, माझ्या मते चांगले त्या क्रमाने. पहिला, घरघंटी घ्यायची आणि तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही, पाहुणे आले तरी. आम्ही शेवटी तेच केलं. जुनी घेणार असाल तर घेऊ नका, आतली जाळी आणि कोपरे कितीही पुसले तरी खात्री देता येत नाही. दुसरा, पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिलेलं पीठ. महाग पडतं आणि ज्वारीचं पीठ ताजं मिळेलच असं नाही, पण घरघंटी येईपर्यंत आम्ही त्यावर काढलं. तिसरा, ज्या गिरणीत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी आहे ती शोधायची. हवेत कणीक उडत असतेच आणि ब्रश, पिशवी तीच असते, म्हणून हा उपाय मी नाइलाजाचा समजते.

"आधी किलोभर तांदूळ दळून टाकून द्या, मग तुमचं दळा" असंही सांगतात. त्याने कमी होतं, संपत नाही.

घरघंटी आली तरी धान्य निवडावं लागतंच. ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, कारण दुकानात माप एकच, पोती शेजारी शेजारी. मी ताटात पातळ पसरून निवडते. पाच किलोत कधी दोन दाणे निघतात, कधी पंधरा.

हिंग आणि मेतकूट

गिरणीचा प्रश्न सुटला तरी ती पूर्ण बरी नव्हती. दुखण्याचा जोर कमी झाला, इतकंच. मग मी फोडणीचा डबा ओट्यावर रिकामा केला आणि एकेका गोष्टीचं पाकीट शोधायला बसले. मोहरी, जिरं, हळद ठीक. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

हिंगाचा मूळ चीक इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत घालता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. आपल्याकडे मिळणारा बहुतेक हिंग असा बांधानी असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. खडा दिसला म्हणजे शुद्ध, असं समजू नका, बांधानी हिंगाचेही खडे मिळतात. एक चिमूट म्हणजे पाव ग्रॅम धरा, त्यात निम्मं गव्हाचं पीठ धरा. ग्लूटेन झालं दहा-अकरा मिलिग्रॅम, चार जणांत वाटलं तर प्रत्येकी अडीच. एका आमटीपुरतं चालूनही जाईल. पण आमच्या घरी आमटीत हिंग, भाजीत हिंग, ताकात हिंग, कोशिंबिरीच्या फोडणीत हिंग. लोणच्यात तर चिमटीने नाही, चमच्याने. बाजारात तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, घटक वाचून तो घ्या, किंवा सरळ वर्षभर हिंगाशिवाय राहा. जिरं आणि लसूण असली की फोडणी अडत नाही.

मेतकुटाचं मात्र अजून मनाला लागतं. लेकीचं पोट बिघडलं की सासूबाई तिला मऊ भात, तूप आणि मेतकूट भरवायच्या. घरचंच मेतकूट, त्यांच्या हातचं, त्यामुळे त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, आई, मेतकुटाचं प्रमाण मला लिहून द्या. त्या सांगायला लागल्या: हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडदाची डाळ, थोडे गहू... आणि तिथेच थांबल्या. बराच वेळ दोघी काही बोललो नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच देत होते गं तिला," एवढंच म्हणाल्या.

त्यांची काहीही चूक नव्हती. पोरीचं पोट बिघडलं की आपण जे औषधासारखं देतो, त्यातच गहू होता, म्हणून दुखणं लांबत जायचं. आता गव्हाऐवजी तेवढेच तांदूळ जास्त घालून त्याच मेतकूट करतात. चवीत आम्हाला तरी फरक कळत नाही.

फसवणारी नावं

खपली गहू हा गहूच आहे. मधुमेहाला बरा, पचायला हलका वगैरे जे काही म्हणत असतील ते म्हणोत, सिलिॲकला तो चालत नाही. आमच्या भागात खपली पिकते, त्यामुळे हे मला पन्नास वेळा सांगावं लागलं आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, लापशी हा सगळा गहू. सातू म्हणजे जव आणि त्यातही ग्लूटेन असतं. दुकानातल्या सातूच्या पिठात तर गहूही घातलेला असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, कडबोळ्यांचंही तेच. मेथीच्या लाडवात कणीक असते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींमध्ये माल्ट म्हणजे जवच असतो. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. ओट्स स्वतः गहू नसले तरी गव्हासोबतच पिकतात, दळले जातात, म्हणून ग्लूटेन फ्री लिहिलेले नसतील तर आणू नका, आणि लिहिलेले असले तरी डॉक्टरांना विचारून.

उकडीचे मोदक तांदळाचे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण उकड तुटू नये म्हणून काही जण तिच्यात चमचाभर मैदा घालतात. विकतचे असतील तर विचारा. तळणीच्या मोदकांचा तर प्रश्नच नाही, पारी गव्हाचीच.

उपवासाचं खाणं मात्र देवानेच आमच्यासाठी ठेवल्यासारखं आहे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं यांपैकी कशातच गहू नाही.

चाळणी, परात, तळणी

सगळं घर गहू सोडत नसेल (आमच्याकडे सोडलेला नाही) तर दोन संसार मांडावे लागतात. भांडी सगळी वेगळी करायची गरज नाही. स्टीलची पातेली, ताटं, वाट्या नीट घासल्या की झालं. वेगळ्या हव्यात त्या गोष्टी मोजक्या: पिठाची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, लाकडी उलथणं, बिडाचा तवा, आणि भाकरी गुंडाळायचं फडकं. लाकूड आणि बीड पीठ धरून ठेवतं. चाळणीच्या जाळीतून तर धुऊनही निघत नाही. आमच्याकडे तिच्या सगळ्या वस्तूंना लाल दोरा बांधलेला आहे, म्हणजे घाईत कुणाचा हात चुकत नाही.

कणीक मळून झाल्यावर त्याच परातीत भाकरी थापू नका. आधी भाकरी, मग पोळ्या. दिवाळीतही आधी ताज्या तेलात चकली, चिवडा, आणि शंकरपाळी-करंज्या अगदी शेवटी. चकलीच्या भाजणीत गहू नसला तरी शंकरपाळ्यांच्या तेलात तळली की ती गेली कामातून. तेल गाळून घेतल्याने हे सुटत नाही. बाहेरचा साबुदाणा वडा आम्ही याच कारणाने बंद केला, त्याच कढईत सामोसे तळलेले असतात.

भाकरी मोडते, डब्यात कडक होते

गहू सोडलेल्या प्रत्येक घरातलं हे रोजचं रडगाणं. पोळीला ताण असतो तो ग्लूटेनचाच. ज्वारीत ते नाही, म्हणून तिथे चिकटपणा पिठातल्या पिष्टातून काढावा लागतो, आणि तो उकळत्या पाण्याने येतो. एक वाटी पाणी खळखळून उकळा, त्यात दीड वाटी पीठ घालून हलवा, झाकण ठेवून पाच मिनिटं तशीच राहू द्या. मग हाताला सोसेल तेव्हा तळहाताच्या टाचेने चांगलं रगडून मळा. मळण्यात आळस केला की कडा फाटणारच. पीठ महिन्यापेक्षा जुनं असेल तर त्याची विरी गेलेली असते, मग उकडीनेही फारसं साधत नाही. म्हणून दोन-अडीच किलोच दळा. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा.

शाळेच्या डब्यात ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत वातड होते, त्याला माझ्याकडे उपाय नाही. मी डब्याला तांदळाच्या उकडीची भाकरी देते, ती मऊ राहते. नाहीतर घावन, आंबोळी, मुगाची धिरडी, किंवा थालीपीठ. थालिपिठासाठी आमची भाजणी: ज्वारी अर्धा किलो, बाजरी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी पाव किलो, उडदाची डाळ १२५ ग्रॅम, धने ५० ग्रॅम. सगळं वेगवेगळं भाजून घरघंटीवर दळायचं. बाजरी जास्त दिवस टिकत नाही, कडू होते, त्यामुळे पावसाळ्यात निम्मंच करा.

प्रसाद

पिठाचं जमतं. माणसांचं जास्त अवघड आहे, निदान मला तसं वाटलं.

शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता. मी बोलत होते तेवढ्यात त्यांनी लेकीच्या हातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला. ती नऊ वर्षांची. हाताची वाटी करून तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. काकू म्हणाल्या, "घे बाळा, प्रसादाला नाही म्हणू नये, देवाचं आहे, काही होत नाही." मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. लेकीने प्रसाद कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. घरी आल्यावर साबणाने हात धुतले आणि मग मला बिलगून रडली. "मी देवाचा अपमान केला का गं आई?"

तेव्हापासून मी आधीच बोलून ठेवते. पूजेचं बोलावणं आलं की त्याच फोनवर सांगते: "काकू, तिला गव्हाचा कण चालत नाही, डॉक्टरांनी सक्त सांगितलंय. मी दोन केळी घेऊन येते, नैवेद्याला ठेवा, तिला त्यातलं द्या." आजवर एकानेही मोडता घातलेला नाही. पंचामृत चालतं, खडीसाखर चालते, खोबरं चालतं. ऐनवेळी सर्वांसमोर नाही म्हणायला लागलं की समोरच्याला लागतं आणि पोराचीही कुचंबणा होते, आधी सांगितलं की दोन्ही टळतं. "ॲलर्जी आहे" म्हटलं की लोकांना वाटतं अंगावर पुरळ येत असेल, गोळी घेतली की जाईल. मी "आतड्याचा आजार आहे" असंच म्हणते.

आमच्या घरच्या पूजेला आता राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा असतो. सव्वाचं माप तेच: सव्वा वाटी पीठ, सव्वा वाटी तूप, सव्वा वाटी साखर, दूध आणि केळं. गुरुजींना विचारलं, त्यांनी आनंदाने हो म्हटलं. होळीला पुरण तिला वाटीत, वरून तूप आणि दूध. पोळी लाटायचे तांदळाच्या पिठाचे प्रयोग मी चार वेळा केले, चारही वेळा पारी फुटली. वाटीतलं पुरण तिला आवडतं, म्हणून मी तो नाद सोडला.

हे सगळं करूनही बरं नसेल तर

परत डॉक्टरांकडे जा. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्या टोकांवर दूध पचवणारं द्रव्य तयार होतं. सिलिॲकमध्ये हेच उंचवटे झिजतात, म्हणून अस्तर भरून येईपर्यंत काहींना दूध पचत नाही. आम्ही घरात गहू शोधत बसलो होतो आणि शेवटचा राहिलेला पोटफुगीचा त्रास दुधाचा निघाला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन महिने दूध बंद ठेवलं, दही-ताक थोडं चालू. लोह आणि ड जीवनसत्त्वही कमी होतं, त्याची औषधं दिली. आणखी एक: आई-वडील, भावंडांचीही टीटीजी करून घ्या. हा आजार घरात चालतो. आमच्या धाकट्याची केली, त्याची नीट आली, पण काही वर्षांनी परत करायला सांगितली आहे.

टीटीजी मर्यादेत यायला आम्हाला गिरणी सोडल्यापासून चौदा महिने लागले. दूध परत सुरू केलं ते आधी अर्धा कप, आठवड्याने पाऊण. आता रात्री हळद घालून पूर्ण पेला पिते. वही अजून चालू आहे, फक्त उजवं पान आताशा तीच भरते.